अक्षर तेच हाय

‘‘मी ढ हाय, सर. मला न्हाई कळत.’’

असं म्हणून मामा दोन्ही हात मागे बांधून उभे राहायचे आणि समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायचे. मग समोर मुख्याध्यापक असोत नाहीतर संस्थेचे सेक्रेटरी, बोलणंच खुंटायचं. ढ माणसाशी वाद तरी काय घालणार?

मामा म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई. तुमच्याही शाळेत असा एक मामा असेल, आठवून बघा. सगळे त्यांना मामा म्हणायचे आणि सगळे अरे-तुरे करायचे; दहा-बारा वर्षांनी लहान असलेला मीसुद्धा. आज लिहिताना ‘ते’ म्हणतोय, तेव्हा ‘तो’ म्हणत होतो. शाळा भोर तालुक्यातली, महामार्गापासून जरा आत. गावाचं नाव सांगत नाही. का ते पुढे कळेल.

मामा चौथीला तीनदा बसले आणि तिन्ही वेळा नापास झाले. त्यांच्या गुरुजींनी पाटीवर भला मोठा ‘ढ’ काढून ती त्यांच्या गळ्यात अडकवली होती. हे ते स्वतःच हसत सांगायचे. ढ हे अक्षर म्हणे हजारो वर्षांत बदललेलंच नाही, म्हणून ज्याच्यात सुधारणा नाही तो ढ. मी गणित शिकवायचो आणि हा विनोद दर जूनला नव्या वर्गात करायचो. माझ्या वर्गातला शेवटचा बाक ‘ढ बाक’ होता. माझं अक्षर मोत्यासारखं. शाळेच्या नोटिशी, अर्ज, मानपत्रं सगळी माझ्या हातची. तालुक्यात मी हुशार म्हणून ठाऊक होतो आणि ते मला चांगलंच ठाऊक होतं.

नोटिशीची वही घेऊन मामा वर्गावर्गांत फिरायचे. निघण्याआधी व्हरांड्यात थांबून ती स्वतः वाचायचे. शब्दाखाली बोट, ओठ हलताहेत. चार ओळींना पाच मिनिटं.

‘‘मामा, संपलं का रामायण?’’ मी विचारायचो.

‘‘सावकाश कळतंय, सर. पन आपल्याला कळल्याबिगर दुसऱ्याला कसं द्यायचं?’’

एकदा मुख्याध्यापकांच्या बाईंनी त्यांना दळण आणायला धाडलं. शाळेचा शिपाई म्हणजे घरचा गडी, असा तेव्हा रिवाजच होता. मामांनी ज्वारी, तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ सगळं एकत्र दळून आणलं. बाई कपाळाला हात लावून बसल्या. ‘‘येगयेगळं दळायचं व्हतं व्हय? मी ढ हाय, बाई.’’ पुन्हा त्यांना दळणाला कोणी धाडलं नाही. आम्ही आठवडाभर हसलो. हा किस्सा मी फार रंगवून सांगायचो.

शाळा पाचला सुटायची आणि मामा घंटा रोज पाच मिनिटं आधी द्यायचे. रोज बोलणी खायचे. ‘‘घड्याळ कळत नाही का रे तुला?’’ ‘‘मोठा काटा घोटाळा करतो, सर.’’ आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचला पाच कमी असताना टोल.

दहावीचं परीक्षा केंद्र आमच्या शाळेला नुकतंच मिळालं होतं. त्याआधी मुलांना भोरला जावं लागे. केंद्र आलं तसा निकालही यायला हवा, अशी वरची इच्छा होती. ज्याचा निकाल पडेल त्याला संस्थेची वेल्ह्याच्या टोकाची शाळा दाखवली जाई. बीजगणिताच्या पेपराला मी प्रयोगशाळेत बसलो, पेपर सोडवला, कार्बन घालून चिठ्ठ्या केल्या. होय, मीच. मुलांना पाणी देताना त्या वाटायच्या, असं मामांना सांगितलं.

‘‘कुठली कुनाला, मला न्हाई कळत. मी ढ हाय.’’ हात मागे, नजर पलीकडे.

‘‘मूर्ख आहेस,’’ मी म्हणालो आणि पाणी प्यायला येणाऱ्या मुलांना सापडतील अशा बेताने चिठ्ठ्या स्वतःच पाण्याच्या खोलीत पिंपामागे ठेवल्या.

अर्ध्या तासात भरारी पथकाची जीप आली. चिठ्ठ्या सापडल्या. खोलीची किल्ली मामांच्या कमरेला. मुख्याध्यापक चटकन म्हणाले, ‘‘ढ आहे साहेब तो. बाहेरच्या कोणीतरी दिल्या असतील, ह्याने ठेवल्या.’’ साहेबांनी लेखी जबाब मागितला आणि ते चहाला बसले.

जबाब लिहायला अर्थातच मी. ‘मी खाली सही करणार, लिहून देतो की, सदर चिठ्ठ्या मी अनोळखी इसमाकडून घेऊन...’ पाच मिनिटांत झकास मजकूर तयार. व्हरांड्यात मामांपुढे कागद धरला.

‘‘कर सही. काही होत नाही. तू ढ आहेस हे सगळ्यांना माहीत आहे.’’

मामांनी वाचायला घेतलं. शब्दाखाली बोट. मी घाई केली, पण ते थांबले नाहीत. शेवटच्या ओळीशी आले आणि हळूच म्हणाले, ‘‘सर, हे दुसऱ्या कुनाकडनं लिहून घ्या.’’

‘‘का?’’

‘‘अक्षर तेच हाय.’’

चिठ्ठ्या साहेबांच्या पिशवीत होत्या आणि हा कागद त्यांनाच टाचला जाणार होता. तालुक्यातला हुशार माणूस स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध पुरावा लिहून मोकळा झाला होता.

‘‘तुमचं नाव आलं तर केंद्र जाईल,’’ मामा म्हणाले. ‘‘शिपायाचं आलं तर शिपाई जाईल. केंद्र गेलं की पोरींला भोरला कोन धाडतंय? माझी थोरली अशीच घरी बसली. तवा हितं केंद्र न्हवतं.’’

‘‘एवढं कळतंय तर सही का करताय?’’ आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अहो-जाहो केलं.

‘‘मी ढ हाय, सर.’’

ह्या वेळी मात्र ते पलीकडे बघत नव्हते. थेट माझ्याकडे बघत होते.

क्लार्कने मजकूर उतरवून काढला. मामांनी एकेक अक्षर जोडत सही केली. माझा कागद मी फाडून खिशात घातला.

दोन महिन्यांत मिटेल असं मुख्याध्यापक म्हणाले होते. मिटलं नाही. नोकरी गेली, तिच्यामागे पेन्शनही गेली. केंद्र राहिलं. ‘‘न वाचता सही केली, किती ढ असावं माणसाने!’’ स्टाफरूममध्ये मत पडलं. मी गप्प बसलो. वेळेला गप्प बसणाऱ्यालाही आपल्याकडे हुशारच म्हणतात. त्या वर्षीच्या निकालाबद्दल माझा सत्कार झाला. मानपत्र माझंच, म्हणून अक्षर तेवढं दुसऱ्याचं होतं.

नवा शिपाई घंटा बरोबर पाचला देऊ लागला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फाट्यावर पाचची एसटी थांबायची. लांबच्या वाड्यांवरच्या मुली त्या पाच मिनिटांत पळत जाऊन ती गाठायच्या. आता ती चुकू लागली. मुलगे चालत गेले. दोन मुलींची नावं दिवाळीनंतर हजेरीतून कमी झाली. ती नावं मीच खोडली, सुरेख सरळ रेघ मारून.

पुढे महामार्ग चौपदरी व्हायला लागला, तेव्हा कामथडीजवळ मामा लाल झेंडी घेऊन उभे दिसायचे. ‘‘सावकाश, सर. पुढं खड्डा हाय.’’ मी मान हलवायचो आणि स्कूटर दामटायचो. थांबलो असतो तर काय बोललो असतो, ते मला आजही सुचत नाही.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये होतो. ‘‘कोण हो हे मामा?’’ नव्या शिक्षकांनी विचारलं. सांगायची वेळ हीच होती. मुख्याध्यापक कधीच निवृत्त झाले होते, केंद्र पक्कं होतं, मला कोणी हात लावू शकत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी घसा खाकरला आणि दळणाचा किस्सा सांगितला. चांगला रंगवून सांगितला. सगळे पोट धरून हसले.

भिंतीवरच्या घड्याळात पाचला पाच कमी होते. घंटेचा हातोडा दाराबाहेर खुंटीला लटकत होता, उठून दोन पावलं टाकायची होती. मी बसून राहिलो. घंटा पाचला झाली, आणि खिडकीतून मला मुली दप्तरं सावरत, सुटलेल्या एसटीसाठी फाट्याकडे पळताना दिसल्या.