शेवटच्या कडव्यातले नाव

आमच्या घरात वर्तमानपत्र वाचणारा मी पहिला आणि त्यात लिहिणाराही पहिलाच. गावाने घरोघरचा तांदूळ घालून मला पुण्यास शिकवले. मुळशीच्या खोऱ्यात धरण येऊ लागले तेव्हा या उपकाराची फेड मी दोन तऱ्हांनी करू लागलो. धरणाविरुद्ध पोवाडे रचून डफावर म्हणायचे आणि त्याच सभांची बातमी पुण्याच्या एका साप्ताहिकाला पाठवायची.

"पोवाडा तुम्ही म्हणा, बातमीही तुम्हीच लिहा," संपादक म्हणाले. "फक्त दोघांची ओळख असल्याचे वाचकांना कळू देऊ नका."

ही आज्ञा मी मनापासून पाळली. 'शाहिरांच्या पहाडी आवाजाने श्रोते थरारून गेले,' असे मी अगदी त्रयस्थपणे लिहीत असे. श्रोते थंडीनेही थरारलेले असत, पण जागेअभावी ते लिहिता येत नसे.

बातमीखाली नाव छापत नसत. शाहिराचे नाव मात्र रिवाजाप्रमाणे शेवटच्या कडव्यात येते. ते कडवे खोऱ्यात सर्वांच्या तोंडी जावे, एवढीच माझी इच्छा होती. तोंडी जाण्याआधी असे एक कडवे आहे, एवढे फौजदारांच्या कानी गेले.

आमच्या जत्रेत ते पुढेच घोंगडीवर येऊन बसले. "गाणारे पुष्कळ आहेत. मला रचणारा हवाय. शेवटी नाव येतं म्हणतात, तोवर बसतो."

मेंढरे राखणारे माझे मामा मागे झील धरीत. ते कानाशी पुटपुटले, "बीए, शेवटचं कडवं सोडून दे."

"नावाशिवाय पोवाडा पुरा होत नाही, मामा."

"मग तू जेलात पुरा हो."

गाता गाता मी तुरुंग आणि नाव तोलत होतो, आणि खरे सांगायचे तर नावाचे पारडे जड होत होते. नेमकी नावाची जागा आली आणि मामांनी आवाज चढवून तिथे स्वतःचे नाव घातले. ते चालीत बसत नव्हते, तरी बसवले. तुणतुणेवाल्याने कडवे पुन्हा घेतले आणि आपले नाव घातले. मग श्रोत्यांतून एकेक जण उठून आपापले नाव घालू लागला. पाटीलही मागे राहिले नाहीत.

"अरे, रचलाय नेमका कुणी?" फौजदार वैतागले.

"सायेब," मामा म्हणाले, "मळणीला समदे बैल एका दोरीत फिरत्यात. कुटल्या बैलानं भात मळलं, ते आमी कसं सांगावं?"

फौजदार माझ्याकडे वळले. "तुम्ही पदवीधर. असली गावठी रचना तुमची नसणार, हे मला कळतं. पण बातमीदार आहात, तेव्हा चौकशी करून छापा."

हा अपमान मला इतका लागला की कबुली ओठांवर आली. तेवढ्यात मामांचा पाय माझ्या पायावर पडला आणि तिथेच राहिला.

'पोवाड्याच्या कर्त्याचे नाव चौकशीअंतीही समजू शकले नाही,' असे मी लिहिले. संपादकांनी काटछाट न करता छापलेले माझे हे पहिलेच वाक्य.

फौजदारांची बदली झाल्यावर ताम्हिणीकडच्या एका गावी मी तो पोवाडा अखेर माझ्या नावानिशी म्हटला. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने हात वर करून मला थांबवले.

"पावनं, दुसऱ्याच्या गाण्यात आपलं नाव घुसवू नगा. कुणी केलं ते कुणालाच ठावं न्हाई. पेपरात आलंय."

मी आशेने मामांकडे पाहिले.

"व्हय," मामा म्हणाले, "छापून आलंय खरं."