दुधी काच

मंगळवार, सकाळी अकरा. हजर: डॉक्टर, हे आणि मी.

डॉक्टरांनी यांच्या छातीचा एक्स-रे उजेडावर धरला आणि एका पांढऱ्या डागावर पेन टेकवलं. "ही ओपॅसिटी. इथून किरण आरपार जात नाहीत. कशामुळे, ते तपासल्यावरच कळेल."

"म्हणजे दुधी काच," हे म्हणाले. "तीस वर्षं लोकांच्या बाथरूमला तीच बसवली."

मी तपासण्या वहीत उतरवल्या. अक्षर नेहमीसारखंच आलं. जे दिसत नाही ते काळं असतं, असं मी धरून चालले होते. हे तर पांढरं निघालं. दुधी काचेमागे कुणीतरी आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही.

घरी येऊन कुकर लावला, तपासणीची वेळ घेतली, दोन्हींपुढे खुणा केल्या. "काय म्हणाले डॉक्टर?" हा लेकीचा मेसेज दुपारपासून आहे. त्याला उत्तर द्यायचं राहिलंय.