थेट दारात

पौडच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान, शेजारी विश्रामचा सायबर कॅफे. हा माणूस एका जागी स्वस्थ बसला तर शपथ! घरच्या लग्नाची एकही पत्रिका त्याने पोस्टात टाकली नाही. गावोगाव फिरून स्वतः देऊन आला. "दुसऱ्याच्या हातात दिलं की गेलं," हे त्याचं ठरलेलं.

एकदा कुणाचा तरी मेल इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरमध्ये दिवसभर अडकला. तेव्हापासून त्याने कंपनीचा सर्व्हरच सोडला. भूगावातल्या एका आयटीवाल्याच्या मागे लागून स्वतःच्या कम्प्युटरवर सर्व्हर बसवून घेतला. मेल इथून निघणार तो थेट समोरच्याच्या दारात, मधे कुणी नको.

२००३ च्या उन्हाळ्यात त्याची माले गावची भाची राणी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात नर्सिंगसाठी निवडली गेली. होकार त्याच दिवशी मेलने कळवायचा होता, नाहीतर जागा दुसरीला. विश्रामने मेल थेट धाडला. लगेच परत आला: अनोळखी सर्व्हरवरून थेट आलेले मेल आम्ही घेत नाही. पुन्हा धाडला, पुन्हा परत.

"मामा, कंपनीकडनं धाडा की!" राणी रडकुंडीला आली.

माझंही डोकं फिरलं. "पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय, तुजा हट्ट घाल चुलीत!"

शेवटी नाइलाजाने त्याने तो मेल कंपनीच्या सर्व्हरमार्फत धाडला. परत आला नाही. पण पोचला का?

"हितं बसून कसं कळायचं?" विश्राम आत-बाहेर, आत-बाहेर. हॉस्पिटलचा फोन लागेना. होकाराचा कागद छापून घेतला आणि सुटलेल्या एसटीत धावत चढला.

एसटी चांदणी चौकात पोचली नसेल, तोच उत्तर आलं. होकार मिळाला, जागा पक्की. त्याला कळवायचं कसं? मोबाइल नव्हताच. राणीला आनंदही धड करता येईना.

संध्याकाळी तो तोंड पाडून परतला. कागद खिशात तसाच.

"वॉचमननं आत सोडलंच न्हाई. म्हनला, आत कुनाच्या वळखीचा हायस का? न्हाई, तर कुरिअरनं धाड."

राणीने पेढा पुढे केला. "म्हंजी मेलावानी मामालाबी दारातनंच माघारी धाडलं! जागा पक्की झाली, मामा. कंपनीकडनं धाडलेला दुपारीच पोचला."

विश्राम हसला नाही. पेढाही घेतला नाही. आधी कम्प्युटरपुढे बसला, ते उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा वाचलं, आणि मग तिच्याकडे न बघताच हात पुढे केला.