आईच्या फोटोंतला डावा कोपरा

आधीच सांगून ठेवतो, भुताखेताच्या गोष्टी मला झोप आणतात. मी बडोद्याजवळ कोयलीला रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. मीटर चुकीचं का दाखवतंय हे शोधण्यात वीस वर्षं गेली, आणि कारण सापडलं नाही असं कधी झालं नाही. हा एक प्रसंग सोडून…

गेल्या वर्षी बाबा गेले. आमचे पणजोबा बडोदे संस्थानात कारकून होते. त्यांची मोडीतली रोजनिशी बाबांनी रिटायर झाल्यावर देवनागरीत उतरवून काढली होती – चांगल्या सात वह्या. कॅनडातल्या ताईनं ठरवलं, बाबांच्या वर्षश्राद्धाला याचं छोटं पुस्तक करायचं. आईनं मोबाइलवर पानांचे फोटो काढून पाठवायचे, ताईनं टाइप करायचं. हे काम आईनं हट्टानं मागून घेतलं. बाबा गेल्यापासून तिनं कशाचा हट्ट धरला असेल तर तो एवढाच.

पण फोटो खराब यायला लागले. प्रत्येक पानाचा खालचा डावा कोपरा धूसर! "आई, शेवटच्या ओळी लागत नाहीत गं," असे ताईचे मेसेज. आईचे हात काही वर्षांपासून कापतात. "माझ्याच हाताचा दोष," ती म्हणाली. "राहू दे, तूच काढ." आणि वही मिटून नागरवाड्यातल्या आमच्या घराच्या गॅलरीत जाऊन बसली. मला ते बघवेना.

आमच्या कामात एक नियम आहे – एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग बघायचं. लेन्स पुसली. कव्हर काढलं. मग दिसलं, लेन्सवरचं कंपनीचं प्लास्टिक तसंच होतं! (नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढणं आमच्या घरी पाप समजतात.) मोठ्या ऐटीत ते सोललं… कोपरा तस्साच. सेटिंग रिसेट, अपडेट, सगळं झालं. शेवटी फोन अलकापुरीत एका मोबाइलच्या दुकानात नेला. दुकानदारानं दहा फोटो काढले आणि माझ्याकडे जरा कीव येऊन बघितलं. "भाई, कॅमेरामां कशुं नथी. एकदम ओके छे."

रविवारी दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर वही ठेवली. मी फोटो काढला – स्वच्छ. त्याच जागी, त्याच फोनवर आईनं काढला – कोपरा धूसर. मग तिच्या हातात माझा स्वतःचा नवा फोन दिला.

तोच कोपरा. तसाच धूसर.

आणि तेव्हा मला जे आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. हात कापला तर फोटो सगळाच हलतो. इथे कोपरा सोडून बाकीचं पान लख्ख होतं, बाबांच्या अक्षरातला काना न् काना वाचता येत होता. आईचे हात तर माझ्या डोळ्यांदेखत थरथरत होते. मी तिला म्हटलं, दोष तुझ्या हाताचा नाही.

तिनं चष्मा लावला, कोपरा मोठा करून पाहिला.

"अरे… हे ह्यांचं बोट आहे."

"कुणाचं?"

"ताईला गणपतीचे फोटो पाठवायचो ना, तेव्हा माझा हात हलायचा. मग हे खालून माझं मनगट धरायचे. स्वतः काढणार नाहीत, 'तू काढ, मी धरतो.' आणि ह्यांचं बोट नेमकं काचेवर! दर वेळी मी ओरडायची, अहो, बोट काढा!" ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "बस ने आता. तू नको शोधूस."

माझ्याकडे अजून दोन-तीन शंका होत्या. पण इतका निवांत चेहरा मी वर्षभरात पाहिला नव्हता. म्हटलं, "चालेल. फोटो तूच काढ. कोपऱ्यातले शब्द मी ताईला फोनवर वाचून दाखवतो."

पुढचे काही आठवडे रोज जेवणं उरकली की आई वह्या घेऊन बसायची. मधूनच ऐकू यायचं, "अहो, जरा बाजूला घ्या की!" मी स्वयंपाकघरात भांडी आवरायचं निमित्त करून रडून घ्यायचो.

सातव्या वहीचं शेवटचं पान झालं. आई खुशीत म्हणाली, सगळ्या वह्या मांडून ताईसाठी एक फोटो काढू. काढला. सगळा फोटो हललेला, एक वही धड दिसेना… आणि डावा कोपरा मोकळा. पुन्हा काढला. तेच.

तेव्हापासून कोपरा कधी धूसर आलेला नाही. मी दोन्ही फोन परत तपासले, लेन्स, प्रकाश, अँगल, सगळं. कारण सापडलं नाही, आजही माझ्याकडे नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा.

त्या दिवशी ते हललेले दोन फोटो बघून आईनं फोन पुन्हा वह्यांवर धरला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "झालं त्यांचं काम. धर रे जरा तू."

मी खालून तिचं मनगट धरलं. तिचा हात कापतो हे दिसत होतं, पण केवढा, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बाबांनी ते आम्हाला कधी कळूच दिलं नव्हतं.