तळमजल्यासाठी नऊ रात्री

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भागवतनं मोबाइल उघडला. 'सुखवास' हॉटेलांच्या ॲपवर लाल अक्षरांत आलं होतं: प्लॅटिनम दर्जा टिकवण्यासाठी अजून नऊ रात्री. मुदत एकतीस डिसेंबर.

भागवत लातूरचा, एका बियाणं कंपनीत प्रशिक्षक. दुकानदारांना सोयाबीनची बीजप्रक्रिया समजावत सोलापूर, हैदराबाद, इंदूर फिरायचं, ही त्याची नोकरी. वर्षाच्या पन्नास-साठ रात्री हॉटेलात जायच्या. एवढ्या रात्री 'सुखवास'मध्येच काढणाऱ्याला ते प्लॅटिनम कार्ड द्यायचे. बरोबरीचे लोक त्या कार्डावर फुकटचा नाष्टा बघत, दुपारपर्यंत खोली ठेवायची सवलत बघत. भागवतला त्यातलं काही नको होतं. त्याला एकच ओळ हवी होती: प्लॅटिनम सदस्याला खोली निवडता येईल. म्हणजे तळमजला, बाहेरच्या दाराजवळची खोली. आणि कुणी 'का?' म्हणून विचारायचं नाही.

त्या 'का'चं उत्तर त्यानं आजवर कुणालाच दिलं नव्हतं.

तो मूळचा किल्लारीचा. त्र्याण्णव साली सात वर्षांचा होता. गणपती बुडवून सगळं गाव दमून झोपलं होतं, आणि पहाटे भूकंपात माळवद, घराचं मातीचं छत, खाली आलं. भागवत आणि त्याचा थोरला भाऊ व्यंकट एकाच वाकळेत होते. मातीखाली अंधारात व्यंकट सारखा म्हणत होता, "भागवता, झोपू नको बरं." मग कधीतरी तो म्हणायचा थांबला. दुपारी जवानांनी भागवतला बाहेर काढलं. व्यंकटला त्याच्यानंतर काढलं.

बायकोला, दीपमालाला, भाऊ गेल्याचं ठाऊक होतं. तो घरात दाराशीच अंथरूण टाकतो हेही ती रोज बघायची. "वारा लागतो," असं तो सांगायचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा साहेबाला वरचा मजला नको म्हणाला, तर किल्लारीचा म्हणून साहेबानं ओळखलं आणि चारचौघांत हसला होता, "अरे, वीस वर्षं झाली की त्याला!" तेव्हापासून भागवतनं तोंड शिवून घेतलं. पुढं कार्ड मिळालं आणि बोलायची गरजच उरली नाही.

पण यंदा कंपनीनं निम्मी प्रशिक्षणं ऑनलाइन केली. फिरती आटली, रात्री कमी पडल्या. त्यात या वर्षी हिंगोलीकडं जमीन दोनदा-तीनदा हलली होती. नांदेडपर्यंत मांडणीतली भांडी वाजली होती. कार्ड गेलं तर पुढच्या वर्षी कुठल्या मजल्यावर टाकतील, या विचारानं त्याला जेवण जाईना.

एक वाट होती. साठलेले पॉइंट देऊन घेतलेली रात्रही हिशेबात धरली जायची, फक्त माणसानं स्वतः राहायला पाहिजे. त्याच्याकडं नेमक्या नऊ रात्रींचे पॉइंट होते. ते दीपमालानं म्हैसूरसाठी राखले होते. मुलगी जया शाळेत सगळ्यांना सांगून आली होती, आम्ही राजवाडा बघणार म्हणून.

भागवतनं घरी काही न सांगता नांदेडचं हॉटेल घेतलं. "कामाय तिकडं," एवढंच बोलला आणि बावीस तारखेला एस.टी.त बसला.

हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. गुरुद्वाऱ्याला पंजाबातून यात्रेकरू आले होते. काउंटरवरच्या तनुजा नावाच्या मुलीनं कार्ड बघितलं आणि ती खुशीत म्हणाली, "सर, तुम्ही प्लॅटिनम. तुमच्यासाठी पाचव्या मजल्यावरचा सूट काढलाय. वरून गोदावरी दिसते."

"तळमजला द्या. माझा हक्क हाय तो."

"तळमजल्यावर सगळी म्हातारी माणसं आहेत सर. गुडघे दुखतात त्यांचे, लिफ्टसाठी ताटकळत उभं राहवत नाही. तुम्ही म्हणाल तर कुणाला तरी वर हलवते."

समोरच्या बाकावर एक वाकलेली बाई वॉकर धरून बसली होती. भागवतला 'हलवा' म्हणवेना. माघारी जावं तर रात्र बुडत होती. त्यानं चावी घेतली आणि लिफ्ट सोडून जिन्यानं वर गेला.

सूट मोठा होता. काचेचं टेबल, काचेचे पेले, भिंतभर खिडकी. तो खिडकीकडं फिरकलासुद्धा नाही. दार उघडं ठेवून, दारात खुर्ची टाकून, पायात बूट तसेच ठेवून बसला. छताकडं बघायचं नाही असं ठरवलं, आणि छताकडंच बघत राहिला. जिन्याला किती पायऱ्या होत्या? मोजल्या होत्या, पण आता आठवेनात.

संध्याकाळी पाचच्या सुमारास टेबलावरचे पेले किणकिणले.

आधी हळू. मग खुर्चीचा पाय थरथरला. मग जमिनीतून ती घरघर आली, जी भागवत एकतीस वर्षं कानात घेऊन फिरत होता. पुढचं त्याला नीट आठवत नाही. तो ओरडत जिना उतरला, "बाहेर चला! सगळे बाहेर!" दारं उघडली, माणसं त्याच्या मागं धावली. खाली येईतो बाकावरची म्हातारी वॉकर धरून उभी राहायची धडपड करत होती. भागवतनं तिला तशीच उचलली आणि रस्त्यात नेली.

रस्त्यावर काही पडलं नव्हतं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बोअरची गाडी लागली होती. दगड लागल्यामुळं मशीन धडधडत होतं.

कुणीतरी हसलं. कुणीतरी शिवी हासडली. हॉटेलचा मॅनेजर अमरेश लाल होऊन आला. "काय लावलंय हे? एखादी म्हातारी जिन्यात पडली असती म्हंजे? मी वर कळवणार. तुमचं कार्डच रद्द करायला सांगतो!"

भागवत अजून त्या बाईला धरून होता. ज्या कार्डासाठी आला तेच आता जाणार होतं. लपवायला काही उरलं नाही.

"मी किल्लारीचा हाव," तो म्हणाला. "माझा भाऊ माझ्या शेजारी गेला. मला वर झोपता येत न्हाई. आजवर कुणाला सांगितलं न्हाई."

अमरेशनं जमलेल्यांना आत जायला सांगितलं. म्हातारीला मराठी कळत नव्हतं. पण तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, दोनदा, तीनदा. आणि भागवत भर रस्त्यात रडला.

तनुजा पुढं आली. "सर, लाँड्रीशेजारी आमच्या लोकांची एक खोली आहे. एसी नाही, साबणाचा वास येतो. पण दार सरळ अंगणात उघडतं. चालेल?"

"पळेल," भागवत म्हणाला.

अंधार पडायच्या आत त्यानं दीपमालाला फोन केला. आधी पॉइंटांचं सांगितलं. ती उसळली. "समदे पॉइंट तुम्ही नांदेडात घालवले? लातुरातून तीन घंट्यावर? जयाला काय सांगू मी?"

मग त्यानं बाकीचं सांगितलं. व्यंकट अंधारात काय म्हणायचा, तेही. "अहो," ती म्हणाली, "सोळा वर्षं झाली लग्नाला. वारा लागतो म्हणून सांगून राहिलाव मला."

पंचवीस तारखेला नाताळची सुट्टी होती. ती जयाला घेऊन आली. येताना धपाटे आणले होते. लाँड्रीच्या खोलीत तिघं दाटीवाटीनं राहिली. जया दोन दिवस फुगून बसली, मग तनुजाबरोबर टॉवेलांच्या घड्या घालू लागली. राजवाडा नाही म्हणून अधूनमधून टोमणा मारायची, तो भागवत ऐकून घ्यायचा. बोअरची गाडी आली की तो अंगणात जाऊन उभा राहायचा. दीपमाला शेजारी येऊन उभी राहायची. भीती गेली नव्हती.

नऊ रात्री भरल्या. अमरेशनं तक्रार केली नाही, दर्जा टिकला.

फेब्रुवारीत कंपनीनं हैदराबादला पाठवलं. काउंटरवरचा पोरगा हसून म्हणाला, "सर, प्लॅटिनम आहात, नववा मजला दिलाय." भागवतनं कार्ड खिशात टाकलं.

"मी भूकंपातून वाचलेला माणूस हाय," तो म्हणाला. "मला खालची खोली पाहिजे."

पोरगा खालच्या मजल्याच्या चाव्या चाळू लागला.