मागच्या दोन खोल्या

त्या उन्हाळ्यात मी दोन घरं शोधत होते. एक कंपनीच्या पैशानं, कोरियातून येणाऱ्या इंजिनिअरसाठी. दुसरं माझ्या पगारातून, माझ्यासाठी आणि आईसाठी. कंपनीचं लगेच सापडलं.

मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत ॲडमिनला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. पाचोडजवळच्या गावातून शहरात येऊन, वसतिगृहात राहून बी.कॉम. केलं. हे मी कुणालाही सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवावा असं कारण मला अजून सापडलेलं नाही.

कंपनीत नवी लाइन बसवायची होती. मशिनं कोरियाची, म्हणून माणूसही तिकडचा, दोन वर्षांसाठी. त्याचं इथं बस्तान बसवून देणं हे माझं काम. घर, गॅस, मोबाईलचं सिम, पोलिसांकडची नोंदणी, स्वयंपाकाची बाई, दवाखाना. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "तो कंटाळून परत गेला तर लाइन अडकेल. त्याला काही कमी पडू देऊ नका."

माझं स्वतःचं बस्तान म्हणजे लेडीज पीजीतली खिडकीकडची खाट. आई गावाकडं एकटी. वडील गेल्यापासून ती तिथंच, आणि आता गुडघे पार गेले होते. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नियमानं आणा, व्यायाम शिकवू, पण जिने चढू देऊ नका. म्हणजे तळमजला पाहिजे, दोन खोल्या पाहिजेत आणि संडास घरात पाहिजे. एवढंच. रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा.

"घावली का खोली?"

"बघतेय आई."

"तुझ्या त्या परदेशी पाव्हण्याला घावली म्हनं."

"त्याला घावली."

"बरंय बाई. त्यो तरी उघड्यावर नाय."

खोली सापडत नव्हती असं नाही. खोल्या भरपूर. पण फोनवर पहिला प्रश्न आडनावाचा. माझं आडनाव मराठ्यांतही चालतं आणि आमच्यातही, त्यामुळं तेवढ्यावर लोकांचं भागत नाही. मग गाव कोणतं, गावात घर कुठल्या बाजूला, कुलदैवत कोणतं. मी सांगते, आम्ही बौद्ध. मग कळतं की खोली कालच गेली. इतक्या खोल्या काल गेल्या की काल या दिवसाचाच मला वैताग आला होता.

कोरियन साहेबांसाठी पाहिलेलं घर एका निवृत्त अधिकाऱ्यांचं होतं. खाली ते आणि त्यांची बायको, मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू, वरचा मजला रिकामा. मी त्यांना काका म्हणायला लागले आणि ते मला बेटा. फाटकावर पाटी होती, फक्त शाकाहारी कुटुंबासाठी. मी आधीच स्पष्ट केलं.

"काका, साहेब सगळं खातात."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं."

काका पाटीकडं बघत राहिले. आतून काकू म्हणाल्या, "अहो, ते बाहेरदेशातले. ते खाणारच की!"

"हो, त्यांचं वेगळं," काका म्हणाले. पाटी तशीच राहिली आणि साहेब वर राहायला आले.

आल्या आल्या त्यांनी मला मोडक्या इंग्रजीत वय विचारलं. मी चमकले. आपल्याकडं नोकरदार बाईला असं तोंडावर कुणी विचारत नाही. ते गडबडले, म्हणाले, आमच्याकडं वय कळल्याशिवाय समोरच्याशी कसं बोलायचं तेच ठरत नाही. मोठा असेल तर भाषा वेगळी, लहान असेल तर वेगळी. मग त्यांनी विचारलं, "इथं सगळे मला विचारतात, लग्न झालं का, पगार किती. तुम्हाला काय विचारतात?"

"गाव," मी म्हणाले. तेवढ्यावरच थांबले.

पहिले दोन महिने त्यांनी माझा जीव खाल्ला. पोट बिघडलं, मी दवाखान्यात. एसी लावला की लाइट जायची, मी वायरमनच्या मागं. कुत्री भुंकतात म्हणून झोप नाही. त्याला मी काय करणार? सगळ्यात अवघड पाणी. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं हे त्यांना पटतच नव्हतं. "हा बिघाड कधी दुरुस्त होणार?" त्यांनी फार नम्रपणे विचारलं. मी म्हणाले, हा बिघाड नाही, हा आपला वार आहे. टाकी कधी भरायची, व्हॉल्व्ह कुणी सोडायचा, आंघोळीचं पाणी झाडांना कसं घालायचं, सगळं मी शिकवलं. त्यांचं पहिलं मराठी वाक्य होतं, "पाणी आलं का?" गॅलरीत उभं राहून ते समोरच्या घरातल्या आजोबांना विचारायचे आणि अख्खी गल्ली हसायची.

रिक्षावाले तर मलाच धरायचे. "मॅडम, साब जपान के हैं क्या?"

"कोरिया."

"एकीच बात है. मीटर से नक्को बोलो, साब कू सौ रुपये में छोडतूं."

हळूहळू साहेब रुळले. काकूंना ते फार आवडायला लागले. ते चपला बाहेर काढायचे, म्हणून काकूंनी शेजारच्या बाईला माझ्यासमोर सांगितलं, "आपल्या लोकांना सांगावं लागतं, ह्यांना नाही. इतका स्वच्छ माणूस!" काकू त्यांना भाकरी आणि ठेचा पाठवायच्या. ते पत्ताकोबीचं तिखट आंबवलेलं लोणचं करून खाली पाठवायचे. काका नाक दाबून एक फोड खायचे आणि म्हणायचे, "वास सोडला तर बरं आहे." डुकराच्या मांसाचे डबे साहेब पुण्याहून मागवायचे. त्याचं कळलं तेव्हाही काका म्हणाले, "बिचाऱ्याला दुसरं काय मिळणार इथं."

मी आठवड्यातून दोनतीनदा तरी तिथं असायचे. सुटल्यावर, शेंद्र्याहून बस धरून, कपड्यांना कंपनीच्या ऑइलचा वास. काकू चहा ठेवायच्या, मी ओट्याला टेकून प्यायचे. दिवसभरात बसायला मिळालेली ती पहिली वेळ असायची. काका म्हणायचे, "पोरगी फार कष्टाळू आहे. अशी एक सून असती तर." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

मग मागचा भाडेकरू बदली होऊन गेला आणि मागच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. तळमजला, संडास घरात, कपडे वाळत घालायला छोटं अंगण. हे मला सांगितलं साहेबांनीच. म्हणाले, "तुमच्या आईसाठी तुम्ही अशीच जागा बघताय ना? माझी बायको पुढच्या महिन्यात येतेय. खाली ओळखीचं कुणी असलं तर तिला धीर येईल."

मला आधीच सुचायला पाहिजे होतं. त्या रात्री पीजीच्या खाटेवर पडून मी मनातल्या मनात आईची खाट कुठं येईल ते ठरवलं. फोनवर आईला सांगितलं नाही. पण ती म्हणालीच, "आज आवाज हलका लागतोय तुझा."

दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं. ते खुर्चीवरून उठलेच.

"अगं, विचारतेस काय? घरचीच आहेस तू. आईला घेऊन ये, तुझ्या काकूलाही सोबत होईल." मग काकूंना हाक मारली, "ऐकलंस का? ही येतेय मागं राहायला." काकू आतून म्हणाल्या, "मग पोहे टाकते."

काका रंगात आले. "पाचोडकडचे म्हणजे तुम्ही आमच्या मेहुण्याच्या सोयऱ्यांपैकी असणार. तिकडं तुमच्या आडनावाचे पाटील आहेत बघ, मोठा मळा आहे त्यांचा. तुमच्याच भावकीतले ना?"

इतके महिने ते आडनावावर थांबले होते. त्यांनी पुढचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता विचारलं.

"नाही काका. ते आमच्यातले नाहीत. आम्ही बौद्ध."

काकांनी रिकामा कप उचलला, आत बघितलं आणि परत ठेवला. "अच्छा," ते म्हणाले. "अच्छा, अच्छा. चांगलं आहे. शिकलीस, नाव काढलंस आईवडिलांचं." मग थोड्या वेळानं, "तसं माझा भाचा एकदा बोलला होता त्या खोल्यांचं. त्याला विचारून तुला कळवतो."

काकू पोह्यांची ताटली घेऊन दारात आल्या. त्यांनी काकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ताटली दिली. पोहे मी सगळे खाल्ले. भूक लागली होती आणि टाकून उठणं मला जमलं नाही.

काकांनी कळवलं नाही. चार दिवसांनी गॅसच्या टाकीसाठी मी गेले, तेव्हा वर जातानाच त्यांनी थांबवलं. भाचा येतोय म्हणे राहायला, नाइलाज आहे.

मी इतकी दमलेली होते की राग यायलाही वेळ लागला. मी म्हणाले, "काका, भाचा नाशिकला बंगला बांधतोय. तुम्हीच मला स्लॅबचे फोटो दाखवलेत."

काका फाटकाची कडी लावायला वळले.

"नाही म्हणायचं तर नाही म्हणा. घर तुमचं आहे, मी ऐकून घेईन. त्या भाच्याला कशाला मधे आणता?"

"तू मनाला लावून घेऊ नकोस बेटा. माझं काही नाही. पण चार लोकांत राहायचं असतं. ही देवाधर्माचं करते, सणवार असतात..."

"वरच्या फ्रिजमध्ये डुकराचे डबे आहेत काका."

"ते पाहुणे आहेत. दोन वर्षांनी जातील. तुम्ही लोक..." आणि वाक्य त्यांनी अर्धं सोडलं.

मी वर जाऊन गॅसची टाकी लावून दिली. शेगडी पेटते का बघितली.

साहेब तिथंच उभे होते. त्यांना मराठी कळत नाही, पण आवाज कळतो. "खोल्या मिळाल्या?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"भाडं जास्त सांगितलं?"

"नाही. मी ज्या घरात जन्मले त्या घराची अडचण आहे."

"पण ते तुम्हाला ओळखतात. तुम्ही नेहमी खाली चहा पिता."

"ओळखतात ना."

"मी बोलू त्यांच्याशी? मी हे घर सोडू शकतो."

त्यांचा चेहरा गंभीर होता, ते खरंच सोडतील असं वाटलं. मी म्हणाले, "तुम्ही सोडलंत तर दुसरं घर मलाच शोधावं लागेल."

ते हसले नाहीत. मलाही ते हसण्यासारखं वाटलं नव्हतं. खरंच मलाच शोधावं लागलं असतं.

त्यांची बायको आली. तिला सिम, तिला दवाखाना, तिला पाण्याचा वार, सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यासाठी मला त्या घरी जावंच लागायचं. मी सरळ बाहेरच्या जिन्यानं वर जायचे. एकदा काकू फाटकाशी आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "चहा तरी घेऊन जा गं. माझ्या मनात तसं काही नव्हतं. ह्यांचंच आपलं."

"काकू, मग तुम्ही त्यांना सांगायचं होतं."

"मला कोण विचारतंय?"

हे मात्र खरं असावं. पण त्यात माझं काय चुकलं? मी म्हणाले, बस निघून जाईल. बस होतीच वीस मिनिटांनी, मी स्टॉपवर उभी राहिले.

त्यानंतर मी शोधायची पद्धत बदलली. दारातच सगळं सांगायला लागले. पैठण रस्त्याच्या बाजूला, गावठाणाला लागून, एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी पोचले तेव्हा ऑक्टोबरच्या उन्हानं डोकं ठणकत होतं. मी उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणाले, "आम्ही बौद्ध. घरात मी आणि आई. आईचे गुडघे दुखतात. मटण-मासे खातो. चालत असेल तर खोली बघते, नाही तर दोघींचा वेळ जायला नको."

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "पाण्याची मोटार चालू केली की बंद करायचं ध्यान राहतं का तुमच्या? मागच्यांनी जाळली माझी."

"राहतं."

"मग बघा खोली. आणि आधी पाणी प्या, तोंड बघा कसं झालंय."

खोल्या लहान होत्या. भिंतीला ओल, अंगण नाही, शेंद्र्याला जायला दोन बस. मी लगेच हो म्हणाले.

आई पाचोडहून जीपनं आली. चुलतभाऊ सोडायला आला होता, तो बोचकी दारात ठेवून तसाच परतला. आई आत आली, भिंतीला हात लावत खाटेवर बसली. बोचकं मांडीवरच. सोडेना.

"मालकिणीला सांगितलं ना समदं?"

"पहिल्याच दिवशी."

"काय म्हनली?"

"मोटार जाळू नका म्हणाली."

आईनं माझ्याकडं नीट बघितलं, मी थट्टा करतेय का ते. मग बोचकं सोडलं. लुगड्यांच्या घडीत गुंडाळलेला बाबासाहेबांचा फोटो होता, काचेचा. पदरानं पुसत ती म्हणाली, "ह्यो आतल्या खोलीत लावू का? म्हंजी येनाऱ्या-जानाऱ्याला..."

"समोर लाव. दारातून दिसेल असा."

"व्हय?"

"व्हय."

खिळा ओल्या भिंतीत धरेना. दोनदा निसटला. शेवटी मालकीण शिलाई मशिनवरून उठून आली, म्हणाली, सरका, आणि तिनं वरच्या बाजूला, कोरड्या जागी खिळा ठोकून दिला. फोटो थोडा तिरका लागला. आई खाटेवर बसून सांगत होती, डावीकडं, अजून डावीकडं. मी स्टुलावर उभी होते, हात भरून आले होते. सरळ झाला तेव्हा आई म्हणाली, "आता उतर. लई दमलीस तू."