प्लेयरमधला अंतरा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. कुलूप लावल्यावर मी तीनदा ओढून बघते आणि जिना उतरल्यावर चौथ्यांदा वर जाते. माझ्या गाण्याच्या गुरूंनी, आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो, हे पहिल्या महिन्यातच ओळखलं. म्हणूनच त्यांनी शिकवणी टेप करायची परवानगी फक्त मला दिली. “तू कुणाला देणार नाहीस,” एवढंच म्हणाल्या. दिलीही नाही. एकोणीस वर्षांत कुणाला एक तान दिली नाही.

टेपांना बुरशी धरायला लागली तेव्हा मी शिकवत असे त्या शाळेची सगळी उन्हाळी सुट्टी आमच्या सप्तापूरच्या घरी कंप्युटरसमोर बसून काढली. टेप लावायची, कंप्युटरमध्ये उतरवायची, तिथून काडेपेटीएवढ्या प्लेयरमध्ये भरायची. सकाळी युनिव्हर्सिटीकडे फिरायला जाताना कानात बाई. बंगळुरूचा मुलगा म्हणाला, “आई, इंटरनेटवर एक प्रत ठेव गं.” मी म्हटलं, तिथे कोण कोण कान लावून बसलंय, तुला ठाऊक आहे का? टेपा फेकून दिल्या. पुढे एका पावसाळ्यात कंप्युटरही जळाला आणि भंगारवाला तो घेऊन गेला. मला काही वाटलं नाही, कारण प्लेयर होता.

तोवर बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आवाज गेला होता. त्या वहीत लिहून बोलत. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी एकच गोष्ट लिहायला सुरुवात केली. त्यांच्या गुरूंकडून आलेली एक जुनी चीज, म्हणजे बंदिश, होती. तिची स्थायी, म्हणजे पहिला भाग, त्यांना आठवे; पुढचा अंतरा आठवेना. “सकाळपासून शोधतेय,” असं लिहीत, दुसऱ्या दिवशी परत तेच. पंच्याऐंशीच्या बाई मांडीवर ताल धरून बसायच्या आणि अंतऱ्याच्या तोंडाशी हात थांबायचा. बघवत नसे.

“माझ्याकडे आहे की, बाई. आणते,” मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही त्यातली एक ओळ आठवत नव्हती. तो अंतरा त्यांनी एका सकाळी तासभर घोटून शिकवला होता, आणि मी मनात म्हणत होते की टेप चालू आहे, करू सावकाश पाठ. ते सावकाश चौदा वर्षांत आलं नाही.

आता प्लेयरच्या इअरफोनचं भोक सैल झालं होतं. एका कानात खरखर, दुसऱ्यात काहीच नाही. बाईंना ऐकू कमी येतं. तेव्हा ठरवलं की नव्या लॅपटॉपला प्लेयर जोडायचा आणि स्पीकरवर मोठ्यानं लावायचं.

इथे माझ्या गुरुभगिनीबद्दल सांगायला हवं. ती हुबळीची, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. कलघटगीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि सुट्टीच्या दिवशी बाईंकडे येते. घरचं बोलणं मराठी, पण चिडली किंवा घाबरली की कन्नडमध्ये जाते. त्या दिवाळीच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, बाईंनी वहीत मला हुकूम लिहिला होता, “हिला प्लेयर दोन दिवस दे.” गुरूचा हुकूम, नाही कसं म्हणायचं? मी तिला बाईंच्या तंबोऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की कॉपी करणार नाही. तिनं घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी प्लेयर परत आला तो वायर नीट गुंडाळून, रबर लावून. मी कधी रबर लावत नाही. एवढी टापटीप कशासाठी, हा किडा तेव्हाच माझ्या डोक्यात शिरला. रोज मी यादी मोजायची, सगळं जागेवर असायचं, आणि तरी वाटायचं की हिनं सगळं उतरवून घेतलंय.

तर मी प्लेयर लॅपटॉपला जोडला. पडद्यावर एक चौकोन आला. हा प्लेयर दुसऱ्या कंप्युटरशी जोडलेला आहे, एका वेळी एकाशीच जोडता येतो, तेव्हा यातलं सगळं काढून तो या कंप्युटरशी जोडायचा का?

माझं डोकंच सणकलं. दुसऱ्या कंप्युटरशी म्हणजे कुणाच्या? आमच्या गाण्यात शिष्याच्या मनगटाला गंडा बांधतात. एकदा बांधला की तो त्या घरचा, दुसऱ्या घरी शिकायला जायचं नाही. मी तो चौकोन अगदी तसाच वाचला. या बयेनं माझ्या प्लेयरला आपल्या घरचा गंडा बांधलाय. दोन दिवसांत! वर तंबोऱ्यावर हात ठेवून शपथ घेते. आणि सगळं काढून म्हणजे काय, तर तिनं जे काही भरलं असेल ते, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. “काढ,” असं मोठ्यानं म्हणत मी ‘हो’वर बोट दाबलं.

हिरवी पट्टी भरभर पुढे सरकली. मग यादी उघडली तर तीन गाणी. लॅपटॉपबरोबर फुकट आलेली, पियानोची.

तो दुसरा कंप्युटर म्हणजे भंगारात गेलेला माझाच कंप्युटर होता. हे मला हुबळीतल्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. मूर्खपणा माझा, पण त्याच्यापुढेही मी आधी हेच विचारलं, “ह्यातून कुणी कॉपी करून घेतलंय का, ते कळेल का हो?” तो म्हणाला, “मॅडम, ह्यातून उलटं कंप्युटरमध्ये काढता येत नाही सहसा. काढणारे काढतात म्हणा.” त्यानं प्लेयर चार दिवस ठेवून घेतला. हाती आले ते तुकडे. तंबोऱ्याचे काही सेकंद, बाईंचा खोकला, मध्येच माझा “हं, हं.” अंतरा नव्हता. एकोणीस वर्षांतलं धड एक वाक्य नव्हतं. दुकानाच्या पायरीवर बसून मी रडले, लाज न बाळगता.

आणि मग जन्मात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं की माझा संशय खरा निघू दे. चोरलेलं असू दे रे बाबा.

तशीच तिच्या घरी गेले. ती भाकऱ्या करत होती. प्लेयर पुसला गेलाय, सगळं गेलं, हे मी दारातच सांगून टाकलं. मग म्हटलं, “हे बघ, मी रागावणार नाही. तू कॉपी केली होतीस ना?”

“इल्ल अक्का.” तिचा चेहरा उतरला. “नाही केली.”

“शपथेचं राहू दे. मी सोडवते तुला शपथेतून. खरं सांग.”

“इल्ल अक्का, माडिल्ल.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाईंच्या तंबोऱ्यावर हात ठेवला होता मी. कशी करेन?”

मी खाली बसले. तरीही, बघा माझा स्वभाव, तिच्या टेबलावरच्या कंप्युटरकडे माझी नजर गेलीच. तिनं ती पाहिली, तवा उतरवला, हात पुसले. “कुठली हवी होती?” तिनं विचारलं.

मी चीज सांगितली. बाई तिचाच अंतरा शोधताहेत, हे तिला ठाऊकच नव्हतं.

तिनं डोळे मिटले आणि स्थायी म्हटली. मग थेट अंतरा, पहिल्या सुरापासून शेवटच्या समेपर्यंत, बाई घेत तश्शाच जागा घेत. दोन दिवस रजा काढून ती अंतरा ऐकत बसली होती, म्हणे. “परत मिळणार नाही, ठाऊक होतं. म्हणून बाईंच्या गुरूंची ही चीज निवडली आणि पाठच केली. एवढी एकच चीज झाली हो दोन दिवसांत.”

 चौदा वर्षं माझ्याजवळ होता तो अंतरा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाईंकडे गेलो. ती गायली. बाईंचा हात मांडीवर चालत राहिला, अंतऱ्याच्या तोंडाशी आला आणि पुढे गेला. तीन वेळा त्यांनी तिला म्हणायला लावलं. गालावरून पाणी वाहत होतं, ते त्या पुसतही नव्हत्या. मग त्यांनी वही ओढली, बराच वेळ लिहिलं आणि पान माझ्यापुढे धरलं.

“हिचा गळा तयार आहे. आता आडकाठी नको. तुझ्याजवळचं माझं सगळं हिला दे.”

मी तिच्याकडे पाहिलं. प्लेयर पुसला गेल्याचं बाईंना आम्ही सांगितलं नव्हतं; तिला सगळं माहीत होतं. ती जमिनीकडे बघत होती.

“देते, बाई,” मी म्हणाले.